सखारामजींचं जितं पाणी

सखारामजी सकाळी तोंड धुण्याआधी बोडीवर जायचे, ओंजळभर पाणी नाकाशी धरायचे आणि अत्तर हुंगावं तसे डोळे मिटायचे. बोडी म्हणजे धानाच्या बांधालगतचं त्यांचं लहानसं तळं; त्यात ते झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, पाळत. पाणी तपकिरी, फेसाळ. मी अड्याळजवळच्या त्या गावात नवा मास्तर. पहिल्याच भेटीत त्यांनी ती ओंजळ माझ्या नाकापुढे आणली.

"घ्या जी गुर्जी, वास घ्या. आंबट हाय ना? मंग झिंगा खुशीत हाय. सडका आला का समजा रोग आला."

सारी हयात त्यांनी सरकारी दवाखान्यात कंपाउंडरकी करत सुया उकळल्या, जंतू मारले. आणि एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास रिटायर होताच जंतू पाळायला घेतले. झिंग्यांची पिल्लं पवनीहून, वैनगंगेतून यायची. त्यांच्यासाठी अंगणात एका पिंपात कोंडा, गूळ, ताक आणि बोडीतला गाळ आंबत असे. तो काला रोज पाण्यात ओतायचा आणि बांबूने बोडी घुसळायची. त्यांच्या पत्नी सुभद्राकाकू म्हणायच्या, "या घरात मानसाले ताक भेटत नाही, झिंग्याले भेटते!"

"दुधाले इरजन लावतेत, तसं पान्याले लावाचं," ते मला समजावत. "येष्टीत सीटवर दुपट्टा टाकून ठेवला का दुसऱ्याले जागा भेटते का? चांगले जंतू पयलेच बसले का रोगाचे जंतू उभेच राह्यतेत. पानी मयकं, घान नाही जी, जितं हाय."

गाव हसायचं. मीही हसायचो, तेवढी अक्कल मलाही होती. पण एका साली शेजारच्या बोडीतले झिंगे कवचावर काळे डाग पडून काठाला लागले आणि सखारामजींचे मात्र टणाटण उड्या मारत राहिले, तेव्हा हसणारे गप्प झाले. आता सखारामजींना एकच ध्यास लागला. मत्स्यखात्याच्या साहेबाने एकदा मान डोलावली, की गावातल्या साऱ्या बोड्यांत झिंगा होणार.

साहेब यायचं ठरलं. आदल्या दिवशी बोडीवर गेलो तर पंप धडधडत होता. ते जितं पाणी नाल्यात चाललं होतं आणि नहराचं नितळ पाणी बोडीत येत होतं. बांधावर चुना, आंब्याचं तोरण. सखारामजी धोतर खोचून फेस काढत होते.

"अहो, हे काय करता?"

"काहून जी? एवढा मोठा सायेब येऊन राहिला, त्याले गढूळ पानी दाखवू? लोक काय म्हनतीन?"

माणूस दवाखान्यातून रिटायर झाला होता, पण साहेब दिसला की उभं राहायची सवय काही रिटायर झाली नव्हती.

साहेब आले. "वा! तळ दिसतोय!" म्हणाले, हार घालून घेतला, झिंग्यांचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि गेले. आठवडा गेला नाही तोच झिंग्यांच्या कवचांवर काळे डाग उमटले. काठ मेलेल्या झिंग्यांनी भरला. साहेब पुन्हा आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "एवढ्या स्वच्छ पाण्यातसुद्धा मेले! या भागात झिंगा होणार नाही. नाद सोडा."

मी सखारामजींना कोपराने ढोसलं, "सांगा ना, पाणी बदललं म्हणून." त्यांनी तोंड उघडलं, साहेबाकडे पाहिलं आणि हात जोडले. "बरोबर हाय, सायेब."

मला इतका संताप आला की महिनाभर मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. गावात पुन्हा कुणी झिंगा घातला नाही. त्यांनी स्वतः बोडीत शिंगाडा लावला. पिंपात काकू पाणी साठवू लागल्या.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला गेलो. राग बराचसा ओसरला होता, तरी शब्द निघायचा तो निघालाच. "सखारामजी, तुमचे झिंगे त्या रोगाने मरणारे नव्हते हो."



"रोगानं कुठं मेले, गुर्जी? मले त्या पान्याची लाज वाटली, म्हनून मेले."