आईचे दात
बाजारात मेंढरांच्या लोकरीचा उबट वास आला की मला आईचे दात आठवतात. साताऱ्याजवळ एका ऐतिहासिक मालिकेचं शूटिंग चाललं होतं. गुलामांच्या बाजाराचा प्रसंग होता, त्यासाठी काळी, रापलेली माणसं हवी होती, म्हणून आम्हा मेंढपाळांना माण तालुक्यातून जीप भरून नेलं. शहरातल्या गोऱ्या पोरी राणीच्या महालात उभ्या राहिल्या. आई आणि मी एकाच दोरीला बांधल्या गेलो. गिऱ्हाईक झालेल्या नटाला आईचे दात बघून तिचं वय ठरवायचं होतं, पण तो नुसताच चाचपडत होता. जन्मभर मेंढ्या विकलेल्या आईला ते बघवेना. "आवं सायेब, तसं न्हाई," ती म्हणाली, "हनुवटी धरा, खालचा ओठ दाबा, मग दात दिसत्यात." दिग्दर्शक खूश झाला. त्यानं ते सात वेळा करून घेतलं. सातव्यांदा आईचे डोळे भरून आले, आणि टीव्हीवर नेमकं तेच आलं. गावानं टाळ्या वाजवल्या. आई मात्र उठून मेंढरांत जाऊन बसली. "लय मेंढरांची तोंडं उघडली गं मी," एवढंच म्हणाली. आता आई नाही. परवा मोबाइलवर ती मालिका शोधली. सुरुवातीलाच पाटी आली : भावना दुखावू नयेत म्हणून काही दृश्यं वगळली आहेत. कुणाच्या भावना, ते लिहिलेलं नाही. अख्खा बाजार कापलाय. राणीचा महाल जसाच्या तसा आहे. आईचा हलता चेहरा जगात तेवढ्या एका दृश्यातच होता.