भिंतीचे दात

संशय घेण्यात आमच्या घरात माझा हात कोणी धरू शकत नसे. दुधावरची साय पातळ दिसली तरी मी मांजराआधी माणसांकडे बघायची. आई म्हणायची, "तुले देवानं डोळे नाई, भिंगं देल्ले." मला तेव्हा ते कौतुकच वाटायचं.

आमचं घर आंजी गावाच्या बाहेर, शेतातच. पणजोबांनी दगडमातीच्या दोन खोल्या घातल्या. आजोबांनी त्यांना जोडून तिसरी काढली आणि पुढे बैलांचा कोठा. बाबांनी सत्तर सालानंतर छपराचे कवेलू उतरवून टिनाचे पत्रे चढवले, वीज आणली आणि कापूस ठेवायला पश्चिमेकडे एक लांब खोली वाढवली. ती खोली त्यांनी मजुरांच्या बरोबरीनं दगड उचलून बांधली होती, आणि पाहुणा आला की आधी तीच दाखवायचे. यांच्यापैकी कोणीही शेवटची भिंत सपाट संपवली नव्हती. टोकाला एकाआड एक दगड वीतभर बाहेर सोडायचे, म्हणजे पुढच्याला आपली भिंत त्यांत गुंफता यावी. त्यांना आम्ही भिंतीचे दात म्हणायचो. दात न सोडणं म्हणजे घर इथंच संपलं म्हणणं, आणि तसं आमच्याकडे कोणी म्हणत नसे.

ऐंशीनंतर धाकट्या काकांनी खोली काढायला घेतली. बाबा आणि काका दोघंच भाऊ, शेत एक, चूल एक. मी तेव्हा वर्ध्याला शाळेत शिकवायची आणि शनिवारी एसटीनं घरी यायची. एका शनिवारी आले तर विटांची नवी भिंत छातीपर्यंत चढलेली, आणि बाबांच्या भिंतीचे दात छिन्नीनं साफ छाटलेले. नव्या-जुन्या भिंतीत चार बोटांची फट. मी हात घालून पाहिला, कोपरापर्यंत गेला. शिवाय नव्या खोलीचं दार आत अंगणात नव्हतं, बाहेर गाडीवाटेकडे होतं. काका, काकू आणि मिस्त्री तिथं उभे राहून काही बोलत होते. मला पाहिलं आणि तिघंही गप्प झाले.

मला एवढं पुरे होतं. बाबा कोठ्यात बैलांना सरकीची ढेप घालत होते. मी तिथंच जाऊन सांगितलं, "बाबा, काका वेगळे निघायच्या तयारीत आहेत. दात तोडले, दार बाहेर काढलं. मला पाहून बोलायचे थांबले." बाबा म्हणाले, "मिस्त्रीचं काम असन काही." मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "मग तुम्हाला विचारलं का कोणी?"

संध्याकाळी पानं वाढली होती. बाबांनी घासाला हात लावला नाही.

"तुले येगळं निंगायचं असन त तोंडानं सांग," ते काकांना म्हणाले. "भिंतीकडून काऊन सांगून राह्यला?"

"मी कवा म्हणलो, दादा?"

"माह्ये दात काऊन तोडले मंग?"

काकांनी एकदा काकूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काहीतरी ओठांवर आलं होतं ते त्यांनी गिळलं. मी मनात म्हटलं, पाहा, चोराच्या मनात चांदणं. बाबांचा आवाज चढत गेला, मग काकांचाही चढला, आणि शेवटी काका पानावरून उठत म्हणाले, "तुह्या मनात हेच असन त होऊन जाऊ दे."

पंधरा दिवसांत झालं. शेताच्या मधून धुऱ्याचा बांध पडला, बैल एकेक झाला, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले. काकूनं नव्या खोलीत चूल मांडली. मी शाळेत बाकीच्या बाईंना सांगायची, मला आधीच कळलं होतं.

दोन वर्षांनी आमच्या शाळेत एक वर्ग वाढवायला तोच मिस्त्री आला. तिथंही त्यानं जुन्या भिंतीपासून चार बोटं सोडली. मी विचारलं.

"काळी माती हाय, बाई. पावसात फुगते, उन्हात भेगा पाडते. नवी भिंत बसताना जुनीले संग घेऊन बसते, फाडून टाकते तिले. तुमच्या बाबाच्या भिंतीचा पाया त हातभरबी नाई. तुमचे काका दात ठेव म्हणून भांडले माह्यासंग. मंग म्हणले, दादाले पायाचं सांगू नको, त्यानं लय हौसेनं बांधली, त्याच्या जिवाले लागन."

"आणि दार?"

"कापसाचे पोते थेट बंडीत चढवाले. बैलगाडी दारालेच लागते."

माझा लगेच विश्वास बसला असं नाही. काकांनीच पढवलं असेल, हेही मनात आलं. रविवारी घरी खुरपं घेऊन मी बाबांच्या भिंतीच्या बुडाशी उकरलं. वीतभर खाली दगड संपले आणि माती लागली. मी तिथंच मातीत बसले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझ्या बापाचं मन राखायला काका शिव्या खाऊन गप्प राहिले होते, आणि मी त्यांना चोर ठरवलं होतं.

बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, टोपी घातली आणि बाहेरून वळसा घालून काकांच्या दारात गेले. मी मागे. दोन वर्षांत त्या दारात ते पहिल्यांदा उभे होते.

"माह्यं चुकलं," बाबा म्हणाले.

"बस ना, दादा," काका म्हणाले. त्यांनी आतून खुर्ची आणली, दुपट्ट्यानं पुसून पुढे केली. मी काकूमागे चुलीपाशी गेले. काही म्हणावं म्हणून तोंड उघडलं, पण तिनं आधण ठेवलं होतं आणि ती साखरेचा डबा हातात घेऊन थांबली होती. वेगळं होण्याआधी वीस वर्षं बाबांचा चहा तिनंच केला होता.

"तुह्या बाबाले साखर किती लागते व?" तिनं मला विचारलं.