खिडकीत राहिलेला डबा

महेंद्र माझा जुना विद्यार्थी. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो आणि अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत अटेंडंट आहे. तिथे डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूत्रकृमी वाढवतात. त्यांच्यासाठी काचेच्या बशा भरायच्या, थंड कपाटात ठेवायच्या, हे काम तो एकोणीस वर्षं करतो आहे.

तिथे संशोधन करणारी जिज्ञासा बदलापूरची. पेशीच्या केंद्रकात काय जायचं आणि काय बाहेर यायचं, हे सांभाळणारं एक जनुक ती तपासत होती. ते बंद केलं, तर भ्रूणातल्या पेशींचं विभाजन अडतं का, हा तिचा प्रश्न. जनुक बंद केलेले कृमी लाल पट्टीच्या डब्यात, साधे निळ्या पट्टीच्या.

मे महिन्यातल्या एका शनिवारी महेंद्रने कपाट पुसायला दोन्ही डबे बाहेर काढले. निळा आत गेला, लाल खिडकीत राहिला. सोमवारी तो सगळ्यांच्या आधी पोचला. डबा हाताला गरम लागला. त्याने तो गुपचूप आत सरकवला.

दुपारी जिज्ञासाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. निळ्यातले भ्रूण ठणठणीत, लालमधले दोन-चार पेशींवरच अडकून मेलेले. तीन वर्षं शोधत होती ते सापडलं, म्हणून तिने पेढे आणले. पहिला महेंद्रला दिला. म्हणाली, "दादा, अर्धं काम तुमचं." त्याने तो खाल्ला.  

चार दिवस तो तिच्यासमोर जायचं टाळत राहिला. शुक्रवारी ती हा निकाल परिषदेला पाठवणार, असं कानावर आलं, तेव्हा तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"ताई, ते उन्हाने मेले असतील. डबा दोन दिवस बाहेर होता. मी विसरलो."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी लपवलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. तिने वहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारली, डबा किती वाजता बाहेर काढला होता ते विचारलं आणि लिहून घेतलं. परिषदेला काहीच गेलं नाही.

नव्या बशा तयार झाल्या, तेव्हा तो म्हणाला, "आता तुम्हीच ठेवा, ताई."

"मी नाही ठेवणार. कधी काढला, कधी ठेवला, तेवढं लिहीत जा."

त्याने डबे ठेवले. कपाटाच्या दारावर कागद चिकटवून वेळ लिहिली. खाली सही करताना मात्र त्याला तिच्याकडे बघवलं नाही.