माझ्या जेवणाआधी

गोळी पिवळी व्हती, बारीक. सेनगावच्या डाक्टरनं सांगितलं व्हतं, सकाळी एक, रिकाम्या पोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी, आन् फोडायची चुरायची न्हाई, अख्खी गिळायची. मी व्हय म्हणले. डाक्टरपुढं मी व्हयच म्हणते, कारण मांडीवर लेकरू रडून राहिलेलं असतं, माघं बाया नंबर लावून बसलेल्या असतात, आन् काय इचारायचं ते मला तिथून भाईर आल्यावरच सुचतं.

लेकरू तवा सात म्हयन्याचं व्हतं. छातीच्या मधोमध जळायचं माझ्या, भाकर थापायला वाकलं की आंबट पाणी घशापर्यंत यायचं, झाडायला वाकलं तरी यायचं. लेकराला पाजायला आडवी झाले की लई यायचं, मंग मी बसूनच पाजायची, भिताडाला पाठ लावून.

जळजळ तर कोणाला व्हत न्हाई, तांड्यावर घरोघरी हाय. पण मला भेव दुसरंच व्हतं. माझ्या याडीला, म्हंजे आईला, असंच व्हायचं. ती छातीवर हात दाबून चुलीपुढं बसायची, आमी तिला खायचा सोडा पाण्यात घालून द्यायचो, ढेकर आला की ती म्हणायची झालं, बरं वाटलं. एक दिस तिची संडास डांबरासारखी काळी झाली. ते तिनं कोणाला सांगितलंच न्हाई. आमाला कळलं तवा काही राह्यलं नव्हतं. मी सातवीत व्हते, तिथंच माझी शाळा सुटली, आन् माझ्या माघचा भाऊ मीच वाढवला. म्हणून मी रोज सकाळी आधी ते बघायची. काळं हाय का न्हाई. न्हाई दिसलं की त्या दिसापुरता जीव खाली यायचा.

गोळी मी एक दिस चुकवली न्हाई, हे मी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. साडेपाचला उठायचं, सगळ्यांसंगं चहा घ्यायचा, लेकराचं करायचं, पाणी भरायचं. आमच्या घरी दहाच्या सुमाराला जेवणं व्हतात, सासरे आन् लेकराचा बाप जेवून वावरात जातात. मी पीठ मळायला घेतलं की साडेनऊ झाले असं समजायचं, तवा गोळी घ्यायची. अर्धा तास बराबर भरायचा. सासू बी परातीचा आवाज आला की आतून म्हणायची, गोळी घेतली का.

मंग सासरे जेवायचे, लेकराचा बाप जेवायचा, मंग सासू, मंग भांडी, लेकराला पाजणं, त्याला निजवणं. माझं जेवण एक वाजता, कधी दीडला. मधी एखांदा तुकडा ठेच्यासंगं उभ्याउभ्या तोंडात टाकला तर टाकला. त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं. जेवण झालं का असं कोणी आमच्या दारात येऊन इचारलं तर ते सासऱ्याचं झालं का असंच इचारणं असतं. जेवण म्हंजे घराचं जेवण. आन् चहाला तर आमी खाणं धरतच न्हाई. उपासाला चहा चालतो, मंग रिकाम्या पोटाला काहून चालणार न्हाई.

तीन आठवडे झाले. जळजळ तशीच. परत सेनगावला गेलो तर डाक्टरनं इचारलं गोळी रोज घेता का, मी व्हय म्हणले, सासूनं बी सांगितलं की मी सोता आठवण देते. त्यानं मंग चिठ्ठी लिहून दिली, हिंगोलीला जाऊन पोटात दुर्बीण टाकून बघा म्हणला, सकाळी उपाशी जायचं. दुर्बीण म्हणल्यावर मला याडी आठवली. याडीच्या वक्ताला बी कोणीतरी हाच शब्द बोललं व्हतं, पण ते बोलणंच राह्यलं, टाकली न्हाई कोणी. मला वाटलं आता माझ्यात बी तेच निघणार. मी गेले तर हे लेकरू कोणाचं व्हणार, मला काही सुधरंना. मी घरी येऊन त्याची टोपडी धुतली, वाळत घातली, परत काढून धुतली. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

आमच्या साखऱ्याहून एस्टीनं निघालो, मी, सासू आन् लेकरू. मी काहीच खाल्लं नव्हतं. हिंगोलीच्या डेपोत उतरलो तवा माझं तोंड पांढरंफटक पडलेलं बघून सासू म्हणली, उपाशी हायस, चक्कर येऊन लेकरू पाडशील, चहा तरी घे. तिनंच आणला, जास्त दुधाचा सांगून आणला. मी पेले. बरं वाटलं मला, खरं सांगते.

दवाखान्यात एक सिस्टर व्हती, जाड भिंगाच्या चष्म्याची, आमच्याकडच्याच गावची असावी, बोलण्यावरून. तिनं कागद घेतला आन् इचारलं, काही खाल्लं का सकाळपासून.

न्हाई म्हणले.

"पाणी, चहा?"

"चहा पेले."

तिनं पेन खाली ठेवला. म्हणली, दूध गेलं ना पोटात, आता नळी टाकता येत न्हाई. सासू म्हणली चहाच तर हाय बाई, भाकर थोडीच खाल्ली. माघं बसलेली एक म्हातारी हासली आन् म्हणली, काल मला बी असंच माघारी लावलं. मला हासू येईना, रडू बी येईना. एवढा मनाचा दगड करून आले व्हते.

सिस्टरनं कागदावर लिहिलेली गोळी बघितली. मंग तिनं हळू इचारलं, ती पिवळी गोळी बी तू चहा पिऊनच घेती का. मी सगळं सांगितलं, साडेपाचचा चहा, साडेनऊची गोळी, दहाची जेवणं. ती म्हणली बराबर हाय, अर्धा तास बराबर हाय. पण मंग तिनं इचारलं, "आन् तू कधी जेवती?"

"सगळ्यांचं झाल्यावर. एक वाजता."

"अगं बाई," ती म्हणली, "जेवणाआधी म्हंजे तुझ्या जेवणाआधी."

तिनं समजून सांगितलं ते मला असं कळलं, की पोटात अन्न पडलं की पोट आम्ल सोडतं, आन् गोळीला त्या येळेला तिथं हजर राहावं लागतं. गोळी उपाशी पोटी जायला पाहिजे आन् अर्ध्या-पाऊण तासानं अन्न बी जायला पाहिजे. चार-चार तास माघं ठेवलं तर गोळीचं काम पुरं व्हत न्हाई. ती आत जाऊन डाक्टरला इचारून आली. डाक्टर म्हणले आधी पंधरा दिस गोळी नीट घेऊ दे, उठल्याबरोबर, चहाच्या आधी, आन् अर्ध्या तासानं जेवण. तरी तकलीफ राह्यली तर दुर्बीण. मधी संडास काळी झाली, उलटीत रगत दिसलं तर त्याच दिशी यायचं, थांबायचं न्हाई.

मी व्हय म्हणले. पण उठल्यावर अर्ध्या तासानं जेवायचं म्हंजे सासऱ्याच्या आधी, सगळ्या घराच्या आधी. ते मी कोणत्या तोंडानं मागावं हे त्या सिस्टरला कसं इचारू.

येताना एस्टीत सासू खिडकीपाशी बसली. लेकरू तिच्या खांद्यावर निजलं व्हतं. गाव जवळ आल्यावर खिडकीभाईर बघूनच बोलली. "मला बी जळतंय. तुझा नवरा पोटात व्हता तवापासून. मला कोणी इचारलं न्हाई कधी जेवती म्हणून."

दुसऱ्या दिशी तिनं चूल पेटायच्या आधी मला गोळी दिली, चहा दिला न्हाई. अर्ध्या तासानं रातची भाकर आन् दूध माझ्यापुढं ठेवलं. सासरे ओसरीत चहाची वाट बघत बसलेले, खोकून राहिलेले. मी तीन घास खाल्ले, चौथा जाईना. मला चोरी केल्यासारखं झालं. काही दिस मी खाल्लं, काही दिस लेकरू रडलं म्हणून राह्यलं, एक दिस गोळी घेतली आन् पिठाची गिरणी, पाणी, यात जेवण नऊला गेलं. जळजळ कधी कमी वाटायची, कधी तशीच. आता कमी झाली तर गोळीनं, न्हाई झाली तर माझ्या चुकीनं का याडीच्या आजारानं, हे मला कळायला मार्ग नव्हता.

नवव्या दिशी सकाळीच वारंगा फाट्याहून सासऱ्याची बहीण आन् तिची माणसं आली. मी गोळी गिळून बसले व्हते. मंग चहा, मंग त्यांच्यासाठी पोहे, अर्धा तास झाला, पाऊण झाला. मी पोहे वाढून राहिले आन् मनात एकच व्हतं, की आज बी गेली गोळी वाया. पाहुण्यांच्या आधी सुनंनं खावं हे सासूच्या बी तोंडून निघणार नव्हतं. ती माझ्याकडं बघत व्हती, मला दिसलं.

मंग ती उठली, पाळण्यातलं निजलेलं लेकरू उचललं, त्याला जरा हलवलं, ते रडलं. मोठ्यानं म्हणली, "भुकेजलंय गं हे, घे आत जाऊन पाज."

मी आत गेले. धान्याच्या कोठीमाघं टोपल्याखाली वाटीत पोहे झाकून ठेवले व्हते. मी भिताडाकडं तोंड करून बसले, एका हातानं लेकरू धरलं, दुसऱ्या हातानं खाल्लं. दारात सासूचा पदर दिसत व्हता, ती पाठमोरी उभी राहून पाहुण्यांसंगं बोलून राहिली व्हती, जागची हालत नव्हती.

घास गिळताना मी दिस मोजले. पंधरातले अजून सहा राह्यले व्हते.