पहिल्या हाकेला वळायचं नाही

दुकानदाराने भाव सांगितला की साहेब आधी चष्मा काढायचे, काचा शर्टाच्या टोकाला पुसायचे, चष्मा खिशात ठेवायचे आणि वळून चालू लागायचे. रागाने नाही, सावकाश. दुकानाच्या पायरीवर पोचले की खाली वाकून सँडलचा पट्टा काढायचे आणि पुन्हा लावायचे. पट्टा कधीच सैल नसायचा. तो वेळ दुकानदाराला दिलेला असायचा, मागून हाक मारायला.

"पाठ दाखवल्याशिवाय खरा भाव कळत नाही, मॅडम," ते मला सांगायचे. "आणि पहिल्या हाकेला वळायचं नाही. पहिली हाक दुकानदार सवयीने मारतो. दुसरी गरजेने मारतो."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बाजारात आपल्या पुढे उभा असतो, त्याच्यामुळे आपला खोळंबा होतो, आणि त्याने पाडून घेतलेल्या भावात आपणही गुपचूप खरेदी करून घेतो.

साहेब नाशिकला अंबडच्या आमच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळायचे आणि मी स्टोअर्स. त्यांनी आणायचं, मी मोजून घ्यायचं. पाठ दाखवायची सवय इतकी मुरलेली की सप्लायर बसलेला असताना ते स्वतःच्याच केबिनमधून उठून निघून जायचे. सप्लायर बिचारा रिकाम्या खुर्चीसमोर चहा घेऊन बसलेला. थोड्या वेळाने तोच बाहेर येऊन साहेबांना शोधायचा. साहेब व्हरांड्यात वाकून पट्टा लावत असायचे.

त्यांचं घर मखमलाबादचं, माळ्याचं. आई मेथी-कोथिंबीर घेऊन बाजारात बसायची. आईचा एक नियम त्यांनी नोकरीतही पाळला. सकाळचा पहिला सौदा म्हणजे भवानी, आणि भवानीला ताणायचं नाही. पहिलं गिऱ्हाईक रिकामं परत गेलं की दिवस वाया गेला, असं आई मानायची. सकाळी आलेल्या पहिल्या सप्लायरचा भाव साहेब फारशी खळखळ न करता मान्य करतात, हे सगळीकडे माहीत झालं तेव्हा काही जण गेट उघडायच्या आधीच बाकावर येऊन बसू लागले. मग साहेबांनी तोड काढली. आल्याआल्या कँटीनमधून रोख पैसे देऊन चहा घ्यायचा आणि समोरच्याला सांगायचं, "माझी भवानी झाली. आता बोला."

ते निवृत्त झाल्यावरही आमची गाठ सुटली नाही, कारण कारखान्यातल्या आजी-माजी लोकांची परदेश सहल मीच आखते. मला ते जमतं. औषधं, प्लग, चिवडा, कोणाला खिडकी, कोणाला खालचा मजला, सगळं मी लिहून ठेवते. त्या त्या देशात टिप कुठे द्यायची, भाव कुठे करायचा आणि कुठे अजिबात करायचा नाही, याचा एक कागद मी निघायच्या आधी प्रत्येकाच्या हातात देते. साहेबांनी तो कधी वाचला नाही.

"भाव करायला कागद लागतो का?" ते म्हणायचे. "आणि टिप हा प्रकार मला मान्य नाही. भाव ठरला, पैसे दिले, विषय संपला. वर परत पैसे द्यायचे म्हणजे आपण भाव चुकीचा ठरवला, अशी कबुलीच की."

"साहेब, तिकडे पद्धत आहे."

"ते हसतात त्याचे पैसे? मग मीही हसतो. फिट्टंफाट."

त्यांच्या मागून वहिनी चालत असायच्या. वहिनी म्हणजे त्यांची पत्नी. साहेबांची पाठ वळली की त्या बशीखाली नोट सरकवायच्या, खोलीतून निघताना उशीखाली ठेवायच्या, बसमधून उतरताना ड्रायव्हरच्या हातात दाबायच्या. थायलंडमध्ये एकदा साहेब विसरलेली टोपी घ्यायला हॉटेलच्या खोलीवर परत गेले, तर साफसफाई करणाऱ्या बाईंनी त्यांना हात जोडून कमरेत वाकून नमस्कार केला. खाली बसमध्ये आले ते खुशीत. "बघितलंत? एक पैसा टिप दिली नाही, तरी काय आदर!" आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत बसलो. वहिनी पर्सची चेन लावत होत्या.

शेवटची सहल व्हिएतनामची. तिथल्या नोटांवर इतकी शून्यं की साधी कॉफीसुद्धा हजारांत. साहेब जाम खूश होते. "जन्मभर शेकड्यात घासाघीस केली. आता लाखात करतो," म्हणाले. भाषा येत नव्हती, त्याने काही अडलं नाही. दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढे करायचा, साहेब तो पुसून आपला दाबायचे. मग चष्मा, मग पाठ, मग पट्टा. हाक यायची. व्हिएतनामी भाषेत यायची, पण यायची.

होई आनच्या बाजारात आम्ही सकाळी लवकर गेलो, ऊन व्हायच्या आत परतायचं म्हणून. बऱ्याच दुकानांची शटर्स अर्धीच वर होती. एक बाई माल बाहेर मांडत होत्या. त्यात एक पिवळा रेशमी झगा टांगलेला होता, लहान मुलीच्या मापाचा. साहेब तिथे थांबले. मला नवल वाटलं, कारण लहान मुलांच्या कपड्यांशी त्यांना काही काम असल्याचं माझ्या माहितीत नव्हतं. त्यांना एकच मुलगी, तीही लग्न होऊन येवल्याला दिलेली. तिच्याबद्दल ते कधी बोलत नसत, म्हणून मीही विचारत नसे.

कॅल्क्युलेटर इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. बाईंचा आकडा थोडा उतरला आणि थांबला. साहेबांनी चष्मा पुसला. वळले. पायरीवर येऊन वाकले.

हाक आली नाही.

त्यांनी दुसऱ्या पायाचाही पट्टा काढून लावला. तरी नाही. शेवटी त्यांनी मागे वळून पाहिलं. त्या बाई उंबऱ्यापाशी एक कागद पेटवून त्याचा धूर दारात फिरवत होत्या. आमच्याकडे बघतही नव्हत्या.

साहेबांनी आमच्या गाइड मुलीला विचारलं, हे काय चाललंय. ती हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायची. जरा संकोचून म्हणाली, "सर, आप आज का पहला कस्टमर. पहला कस्टमर बिना लिए गया तो पूरा दिन खराब. वो बॅड लक भगा रही है."

आमच्यातले दोघे-तिघे हसले. कोणीतरी म्हणालं, "साहेब, तुमची दृष्ट काढतायत!"

साहेब हसले नाहीत. "भवानी," एवढंच म्हणाले. मग पायरीवर सँडल काढून, देवळात जावं तसे अनवाणी आत गेले. कॅल्क्युलेटर उचलला आणि बाईंनी अगदी सुरुवातीला सांगितलेला आकडा स्वतः दाबून दाखवला. बाईंना आधी कळेना. कळल्यावर त्यांनी पैसे घेतले आणि त्या नोटा दुकानातल्या सगळ्या मालावरून हळूच फिरवल्या. साहेब ते उभे राहून बघत होते. त्यांची आई पहिले पैसे तराजूला लावून मग कपाळाला लावायची, हे त्यांनी मला पुढे विमानात सांगितलं. त्याच बोलण्यात त्यांनी हेही विचारलं, "मॅडम, तुमच्या वहिनींना सुट्या नोटा पुरल्या का? मी दोन वेळा पर्समध्ये टाकल्या होत्या."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी फक्त "पुरल्या" म्हणाले.

त्या सकाळी परतताना बसमध्ये वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. झग्याची पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

"माप बरोबर येईल का हो, ताई?"

"कोणाला घेतलाय?"

"नातीला. बघितलीय कुठे आम्ही! तीन-चार वर्षांची असेल असं धरून चाललोय."

मग त्यांनी सांगितलं. मुलीने लग्न स्वतः ठरवलं होतं. मुलगा येवल्याचा, घरात पैठणीचे माग. साहेबांचा मुलाला विरोध नव्हता. बोलणी करायला दोघे येवल्याला गेले, मुलगीही बरोबर होती. लग्न नाशिकला की येवल्याला, एवढ्यावरच अडलं. साहेबांनी सवयीप्रमाणे चष्मा पुसला, उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन पट्टा लावत बसले. मुलाचे वडील घाबरून त्यांना बोलवायला निघाले, तर मुलीनेच त्यांना अडवलं. म्हणाली, "थांबा, हाक मारू नका. ती त्यांची युक्ती आहे. आपणहून येतील परत."

"लेक त्यांचीच ना," वहिनी म्हणाल्या. "ती आत हट्टाने बसली, हे बाहेर. मग हे उठले आणि सरळ स्टँडवर गेले. मी मध्ये. लग्न तिकडेच झालं. मी गेले होते, हे नाही आले. नंतर माझंही जाणं थांबलं, नात झाल्याचंही दुसऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून हे तिच्या हाकेची वाट बघतायत आणि ती यांची वाट बघतेय."

पुढच्या सीटवर साहेब बसले होते. त्यांना ऐकू येत होतं की नाही, सांगता येत नाही. पाठ आमच्याकडे होती.

नाशिकला आल्यावर ते एकदा माझ्या घरी आले आणि विचारलं, "मॅडम, येवल्याला सकाळची एसटी बरी की दुपारची?" मी सकाळची सांगितली, वेळा लिहून दिल्या. पुन्हा भेटले तेव्हा म्हणाले, "कांद्याचा सीझन आहे, रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. जरा मोकळं होऊ दे." त्यानंतर भेटले तेव्हा म्हणाले, "बघू. तिकडून काही येतंय का ते बघतो." खरेदी विभागात कोटेशनची वाट बघताना ते हेच म्हणायचे. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी ते चहा घेता घेता खुर्चीतच गेले.

वहिनींनी मला फोन केला. मी गेले. मला रडू आलं नाही. काय काय लागेल ते मी लिहून काढलं. खुर्च्या, पाणी, डॉक्टरांचा दाखला, भावाला निरोप, येवल्याला निरोप. एकेक होत गेलं तशी मी पुढे खूण करत गेले. मुलगी दुपारी आली. नवरा आणि छोटी बरोबर होती. मुलगी दारात थांबली, वाकून सँडल काढू लागली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. तेव्हाही मला काही झालं नाही. मी यादीत पुढचं बघितलं.

दहाव्याला आम्ही सगळे गोदाघाटावर होतो. पिंड मांडून झाले. वहिनींनी तो पिवळा झगा घडी करून शेजारी ठेवला. छोटीला तो अंगातच जात नव्हता. सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले.

तिथले कावळे तुम्ही पाहिले असतील. रोज इतके पिंड समोर येतात की त्यांना घाई नसते. एक कठड्यावर येऊन बसला, मान तिरकी करून पाहिलं आणि तिथेच राहिला.

मग बोली सुरू झाली. साहेबांचे भाऊ हात जोडून म्हणाले, "दादा, मळ्याची वाटणी तू सांगितली तशीच करू." कावळा हलला नाही. कारखान्यातला एक जण म्हणाला, "साहेब, वहिनींचं पेन्शनचं काम मी स्वतः करतो." नाही. वहिनी म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घेईन. उपास सोडते." नाही. जावई म्हणाला, "बाबा, पोरीला घेऊन आम्ही नाशिकला येत जाऊ." कावळ्याने पाय बदलला, एवढंच. मुलगी कठड्यावरच्या कावळ्याकडे बघत होती.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून लावू का? मागे दुसरे लोक थांबलेत."

"नको, गुरुजी," मुलगी म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "समोर उभं राहून सांगितलेलं बाबा काही ऐकत नाहीत. आई, चल. काका, तुम्ही पण चला. सगळे पाठ फिरवा."

कोणाला काही कळेना. वहिनींना कळलं. त्या वळल्या. मग मी वळले. मग सगळे वळले आणि घाटाच्या पायऱ्या चढू लागले. कोणी मागे बघत नव्हतं. वर चपलांचा ढीग होता. मुलीने त्यातून आपले सँडल काढले, पायात घातले आणि वाकून पट्टा लावू लागली. लावला. काढला. पुन्हा लावला.

"शिवला!" मागून गुरुजींचा आवाज आला.

ती पहिल्याच हाकेला वळली.