गोड्या पाण्याचा गिलावा

दुसरबीडकडची मुलगी, म्हणजे मी, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात दिली, म्हणून माझी आई बरेच दिवस वडिलांवर धुसफुसत होती. वडिलांनी सासरची जमीन पाहिली, बैलजोड्या पाहिल्या, नवरामुलगा मॅट्रिक आहे हेही पाहिलं. पाणी तेवढं पाहायचं राहिलं. बैठकीत त्यांच्यापुढे जो तांब्या आला तो सोनाळ्याकडून, डोंगराच्या पायथ्यावरून बैलगाडीनं आणलेल्या पाण्याचा होता, हे मला लग्नानंतर कळलं. मी ह्यांना म्हटलं, "फसवलंत तुम्ही आम्हाला." हे म्हणाले, "फसवलं कायचं? पाहुण्याले काय खारं पाणी द्याव?"

आमच्या गावात विहिरी होत्या आणि त्यांना पाणीही होतं, पण सगळं खारं. गावातली माणसं तेच प्यायची, त्यांना सवय झाली होती. मला मात्र पहिला महिनाभर पाणी प्यायलं की आणखी तहान लागायची. साबणाला फेस येत नसे. केसांचा काथ्या झाला. चहात दूध घातलं की ते फाटायचं, म्हणून गावात कोरा चहाच चालायचा. पहिल्याच दिवशी मी तुरीची डाळ चुलीवर चढवली. दुपार कलली, सरपण संपत आलं, आणि डाळ आपली जशीच्या तशी टणक. मी रडकुंडीला आले. माझ्या सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या, घरात बाईमाणूस मी एकटीच, सांगणार कोण? शेवटी मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरूनच म्हणाले, "सूनबाई, इथं डाळ नाही शिजत व. पिठलं कर."

सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे, तो काळ. पण आमच्या घरात मध्ये बोलायला कोणी नव्हतंच, त्यामुळे आम्ही बोलायला लागलो आणि बोलता बोलता भांडायलाही लागलो. मामाजी तापट होते आणि मीही काही गरीब गाय नव्हते.

त्यांना मूतखड्याचा जुना त्रास होता. माझी मुलगी चालायला लागली त्या सुमारास तो फार वाढला. खामगावच्या डॉक्टरांनी तपासून ह्यांना बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, दोन्ही गुर्दे खराब होत चाललेत, यापुढे खाऱ्या पाण्याचा थेंब नको, नाहीतर मी काही करू शकणार नाही. तेव्हापासून आमच्या घरी दोन प्रकारचं पाणी झालं. आमचं विहिरीचं, आणि मामाजींचं सोनाळ्याकडचं. दर आठवड्याला गाडी जायची, ड्रम भरून यायची. ते पाणी दोन रांजणांत साठवायचं आणि रोजच्यापुरतं मडक्यात काढायचं. त्या पाण्याची राखण माझ्याकडे. मी कोणाला हात लावू देत नसे. पाहुण्यांनाही नाही, ह्यांनाही नाही. मुलीनं एकदा पेला बुडवला तर तिला मी धपाटा घातला. गावातल्या बायका मला कंजूस म्हणायच्या. म्हणोत. सासरा त्यांचा नव्हता, माझा होता.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्या दिवसांत गावात सारखा कोणी ना कोणी साहेब उतरायचा. कधी कोंबड्यांची योजना, कधी खताची. त्यातच एक इंजिनियर आले. अंगानं बारीक, कोकणातले, जीप नाही की शिपाई नाही, एसटीच्या टपावर सायकल टाकून आलेले. त्यांनी ओट्यावर बसून मामाजींना सांगितलं की समुद्राच्या पाण्याचंही गोडं पाणी करता येतं, तिकडे किनाऱ्यावर तसे प्रयोग चाललेत, आणि तसाच एक प्रयोग इथे करायचा आहे. सिमेंटचं उथळ टाकं बांधायचं, तळ काळा करायचा, वर घराच्या छपरासारख्या उतरत्या काचा बसवायच्या. टाक्यात विहिरीचं पाणी सोडलं की उन्हानं त्याची वाफ होणार, ती काचेला आतून धरणार आणि थेंब थेंब ओघळून पन्हळीत येणार. मीठ खाली राहणार. "तुमच्या जमिनीखाली समुद्रच आहे म्हणा ना," इंजिनियर म्हणाले.

"मंग मासे काऊन नाही निघत?" मामाजींनी विचारलं.

गावात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे हसणारे सगळे मामाजींच्या बाजूनं हसले. इंजिनियरही हसले. मला वाटतं, तिथेच मामाजींना तो माणूस आवडला. त्यांनी जागेसाठी आपलं खळं दिलं. तिथे एक झाड नव्हतं आणि दिवसभर ऊन असायचं. पंचायतीत कुरकुर झाली, की सरकारचा काचेचा खेळ आहे, पोरं दगड मारतील. मामाजी म्हणाले, "ऊन आपल्याजवळ फुकट हाय, पाणी आपल्याजवळ फुकट हाय. काच सरकारची. तुमचं काय जाऊन राह्यलं?" मग पंचायतीनं होकार दिला.

काम उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू झालं आणि एक गोष्ट इंजिनियरांनी पहिल्या दिवशीच बजावून सांगितली. सिमेंट कालवायला आणि मग गिलाव्यावर मारायला गोडंच पाणी लागेल. खारं पाणी वापरलं तर लोणा लागणार, पापुद्रे सुटणार आणि टाकं गळणार. हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होतं. शाळेच्या भिंती खाऱ्या पाण्यात बांधलेल्या होत्या, मुलं टेकून बसली की सदऱ्यांना पांढरी पूड लागायची. म्हणजे गोडं पाणी मिळवायला आधी गोडं पाणी हवं. मी हे ऐकून कपाळावर हात मारला. पण त्यासाठी रोज दोन गाड्या सोनाळ्याकडून ठरवल्या होत्या आणि त्या वेळेवर येत होत्या. टाकं बांधून झालं, तळाचा आणि भिंतींचा गिलावा झाला. त्यावर गोणपाटं अंथरून ती ओली ठेवायची, असा हुकूम होता. पाणी मारायचं काम बौद्धपुऱ्यातल्या एका बाईकडे दिलेलं. उंच, कमी बोलणारी बाई होती. उन्हात खळ्यावर एकटी फिरत असायची, या कडेचं पाणी मारून होईपर्यंत त्या कडेचं गोणपाट वाळलेलं असायचं.

गिलावा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या भागातल्या बैलांना तोंडखुरी लागली. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायला तिला वेळ लागत नाही. बैल लाळ गाळत बसले, कोणाची गाडी बाहेर निघेना. सोनाळ्याकडच्या गाड्याही बंद झाल्या. इंजिनियर सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे बांधून पाणी आणायला गेले आणि संध्याकाळी उन्हानं लालबुंद होऊन परतले. तेवढं पाणी गोणपाटांनी हां हां म्हणता पिऊन टाकलं. सिमेंट त्या वेळी परमिटवर मिळायचं. हा गिलावा तडकला तर पुन्हा सिमेंट कधी मिळणार, आणि मिळेपर्यंत सरकारला आमचं गाव आठवणार का, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण ओट्यावर बसून ते नुसते चपलेकडे पाहत होते, त्यावरून कळतच होतं.

सगळ्या गावात गोड्या पाण्याचा साठा एकाच घरी होता, आमच्या. दोन रांजण, काठोकाठ. इंजिनियरांना ते माहीत होतं आणि कोणासाठी आहेत हेही माहीत होतं. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियर ओट्यावर असतानाच ती बाई आमच्या दाराशी आली आणि मामाजींना म्हणाली, "दाजी, कडेनं गिलावा पांढरा पडून राह्यला. आज पाणी नाही भेटलं तर जाते तो."

मामाजींनी मला हाक मारली. "दोन्ही रांजण दे तिले."

मी बाहेर आले. "आणि तुम्ही काय पिणार?"

"गाव काय पेते?"

"गावाचे गुर्दे धड आहेत. तुमचे नाहीत. डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरलात का?"

"डाक्टरच्या घरी नळ हाय."

"मी देणार नाही," मी म्हटलं. त्या बाईसमोर, इंजिनियरांसमोर, सासऱ्याला असं म्हटलं. इंजिनियर उठून उभे राहिले आणि नको नको म्हणायला लागले. मामाजी त्यांच्यावरच खेकसले, "तुम्ही बसा हो. हे आमच्या घरचं हाय." मग माझ्याकडे वळून ते इतक्या हळू बोलले की मला त्यांचं बोलणं आहे असं वाटेना.

"सूनबाई, मी ते पाणी कसा पेतो तुले ठाव नाही. मी पेला तोंडाले लावला का पोरगी समोर येऊन उभी राह्यते. मांगत नाही, तू मारशीन म्हणून. नुसती पाह्यत राह्यते. मह्या गळ्याखाली घोट उतरत नाही. असं मले अजून किती दिवस पाजशीन?"

त्यांचं खरं होतं, आणि समोरच्याचं खरं असलं की मला जास्तच राग येतो. मी पाय आपटत आत गेले. ती बाई अंगणातच थांबली होती. आमच्या घरचं पाणी तिच्या भांड्यात वरून ओतलं जायचं, तिनं आत यायचं नाही, अशीच तोवरची रीत होती. मामाजी म्हणाले, "तिथं काय उभी राह्यलीस? आत ये, बुडव बादली. ऊन वर येऊन राह्यलं." ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली, मग आत आली. आम्ही दोघींनी बादल्या भरभरून ते पाणी खळ्यावर नेलं. रांजणाच्या तळाशी पेला खरवडल्याचा आवाज आला तेव्हा मला रडू फुटलं. त्या बाईनं ते पाहिलं. तिनं माझ्या हातातली बादली घेतली आणि ती खेपही तिनंच केली.

एक कळशी मी धान्याच्या कणगीमागे लपवली होती. ती दोन दिवस पुरली. त्यानंतर मामाजी आमच्याबरोबर विहिरीचं पाणी प्यायला लागले, आणि खोटं कशाला सांगू, खुशीत प्यायचे. मुलीला मांडीवर घेऊन एकाच पेल्यातून प्यायचे. मी बघायची आणि मनात इंजिनियराला, टाक्याला, सरकारला शिव्या द्यायची. चार दिवस ते असंच चाललं. तोवर गिलावा वाचला होता. कुठे केसाएवढी चीर नव्हती. आणि त्याच सुमारास मामाजींची लघवी बंद झाली. पोट फुगलं, त्यांना बसवेना की झोपवेना. बैल अजून उभे राहत नव्हते. गावातल्या माणसांनी त्यांना बाजेवर घालून एसटीच्या फाट्यापर्यंत खांद्यावरून नेलं आणि तिथून एसटीनं खामगावच्या दवाखान्यात.

मामाजी तिथून घरी आले नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते. उगाच कोणाला आशेवर ठेवायचं मला आवडत नाही. डॉक्टर मला म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं, त्या चार दिवसांच्या पाण्याला दोष देऊ नका. ते खरं असेल. त्यांना माझी समजूत घालायची होती, हेही खरं असेल. मी पुन्हा विचारलं नाही. नंतर काही वर्षं ते टाकं चाललं. त्याचं पाणी आजारी माणसांना, बाळंतिणींना आणि लहान मुलांना वाटलं जायचं, माझ्या मुलीलाही रोज एक पेला मिळायचा. काचा पुसायला आणि पाणी वाटायला तीच बौद्धपुऱ्यातली बाई होती, आणि तिच्या हातचं पाणी सगळं गाव घ्यायचं. पुढे एका गारपिटीत काचा फुटल्या आणि त्या बदलायला कोणी आलं नाही. पण मी त्या टाक्याचं पाणी भरायला जायची तेव्हा प्रत्येक वेळी आधी राग यायचा, आणि मग मुलगी गटागटा पाणी प्यायली की तो जायचा. हे शेवटपर्यंत तसंच राहिलं.

मामाजी दवाखान्यात होते तेव्हाच टाक्यावर काचा चढल्या आणि पहिलं पाणी निघालं. ह्यांनी ते एका बाटलीतून खामगावला आणलं. इंजिनियरांनी ती स्वतः धुऊन भरून दिली होती. आता खामगावच्या दवाखान्यात नळाला गोडं पाणी चोवीस तास, वॉर्डातला प्रत्येक माणूस तेच पीत होता. त्यात ही एक बाटली. मामाजींना मी उशीला टेकवून बसवलं. डॉक्टरांनी पाणी बेतानंच द्यायला सांगितलं होतं, म्हणून एक घोट दिला. त्यांनी तो तोंडात बराच वेळ धरला, मग गिळला.

"याले चवच नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "एवढं सगळं झालं, आणि चव नाही म्हणता?" मी रागावूनच म्हटलं. ते हसले. हसताना दुखलं, तरी हसले.

मग ह्यांना म्हणाले, "पण आपल्याच विहिरीचं हाय ना?"

"हाव. आपल्याच."

त्यांनी बाटली मागून घेतली. शेजारच्या खाटेवर पिंपळगाव राजा या गावचा एक म्हातारा होता, त्याला म्हणाले, "घ्या, पाहा पिऊन. मह्या विहिरीचं पाणी हाय." त्यानं भाबडेपणानं भांडं पुढे केलं. मग पलीकडच्या खाटेला, मग त्याच्या बायकोला, मग औषधं द्यायला आलेल्या नर्सला. ज्यांना हवं तेवढं गोडं पाणी नळाला होतं, ती सगळी माणसं मामाजींच्या हातून एक-एक घोट घेत होती आणि चांगलं आहे म्हणत होती. मामाजी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. बाटली संपत चालली होती. त्यांच्या पाण्याला मी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी मी खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले आणि कोणालाही अडवलं नाही. त्या टाक्याच्या पाण्यातला मामाजींच्या वाट्याला आला तो तेवढाच एक घोट.