मागायचं बटण

कापूस चांगला झाला की आमच्या हिवरखेडात बाया नवे ब्लाऊज शिवायला टाकतात, आणि कापूस बुडाला की जुने घेऊन येतात. हे उसवून द्या, ते आवळून द्या, बाही फाटली तिथं जोड द्या. बोंडअळीनं ज्या वर्षी बोंडंच्या बोंडं पोकळ केली, त्या वर्षी माझ्या मशीनपाशी जुन्या ब्लाऊजांचा ढीग लागला होता. नवं शिवणं सोपं असतं हो. काळ्या कापडावरचा काळा टाका शोधून उसवायचा म्हणजे डोळे फुटायची वेळ. आणि माझा डावा डोळा नेमका त्याच वर्षी धुरकट झाला.

अकोल्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, मोतीबिंदू आहे, फार दिवस ढकलू नका, तुमचं कामच डोळ्याचं आहे. मग खर्च सांगितला. आमचे हे बाजूलाच बसले होते. बाहेर येऊन त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि परतीच्या बसमध्ये अकोटपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. त्या वर्षी घर माझ्या मशीनवर चाललं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. डोळा गेला तर मशीन गेली, आणि डोळा करायला हातात पैसे नव्हते.

माझा मोठा भाऊ अकोल्यातच राहतो. शाळेत मास्तर होता, आता पेन्शनवर आहे. कोणीही म्हणेल, मग अडलं कुठं? अडलं माझ्या जिभेवर. लग्न झाल्यापासून मी माहेरी कधी काही मागितलं नाही. कोणी मना केलं होतं असं नाही, माझाच स्वभाव तसा. नाकावर माशी बसू देत नाही. आईनं एकदा म्हटलंही होतं, "इतका कायचा वं ताठा तुले?" कायचा ते मलाही कधी सांगता आलं नाही.

दादा माझ्याहून खमक्या. मी मागत नाही म्हणून तो न मागता द्यायचा. भाऊबीजेची ओवाळणी वेगळी, आणि जाताना चहाच्या डब्यात, उशीखाली, देवाच्या फोटोमागं नोटा ठेवून जायचा त्या वेगळ्या. मी त्या हुडकून त्याच्यासाठी बांधलेल्या तुरीच्या डाळीत खुपसून परत पाठवायचे. दोन दिवसांनी वहिनीचा फोन, "बाई, डायीत पुन्हा नोटा निंघाल्या. तुमी दोघं बहीण-भाऊ मले येडं कराल." मला या खेळात मजा यायची. दादाला काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मग दादाचे गुडघे गेले. बसची पायरी चढवेना. आम्ही डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला, "बाई, आता मी घडीघडी येऊ शकत नाई. तू पैशाचं अ‍ॅप टाक. आन् माह्यावालंच टाक." माझ्या डोळ्याचं त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

त्याच्यावालंच अ‍ॅप का, तर त्याला वाटायचं दोघांचं एकच पाहिजे, नाहीतर पैसे मधातच लटकतील. माझी पोरगी म्हणाली, "मामा, कोन्तंही चालते, इकडून तिकडं जातेतच." पण दादा हट्टाला पेटला. शेवटी पोरीनंच शोधून काढलं की त्याच्या लिंकवरून मी अ‍ॅप घेतलं असतं तर त्याला बक्षीस म्हणून पैसे मिळणार होते. मास्तर माणूस! मी म्हटलं, "वा रे दादा, बहिणीवर कमिशन?"

"अवं, ते पैसे तुलेच देणार होतो ना मी," तो म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मग मी ठरवलं, माझं अ‍ॅप मी पाहून घेणार. पोरीनं तिचा जुना फोन मला दिला होता. संध्याकाळी ओसरीवर बसून तिनं त्यात एकेक उतरवून दाखवलं. किराणा दुकानात सगळे वापरायचे ते उघडलं की आधी विचारायचं, कर्ज हवं का? म्हटलं, बापा, घरात पाय ठेवायच्या आधी दारातच सावकार! काढ ते. दुसरं बँकेचं. त्यातलं मराठी कोर्टाच्या कागदासारखं, लाभार्थी काय, प्राधिकृत काय, आणि दर वेळी पासवर्ड. पोरगी कंटाळून म्हणाली, "आई, तू नवरदेव पाहून राह्यली का अ‍ॅप?"

तिसरं साधं होतं. पांढरं, मोठ्या अक्षरांचं. उघडल्यावर समोरच शेजारी-शेजारी दोन बटणं. एकावर 'पैसे पाठवा', दुसऱ्यावर 'पैसे मागा'. तेव्हा अ‍ॅपमधून अशी विनंती पाठवता यायची. समोरच्यानं होकार दाबला की पैसे येणार. पोरगी म्हणाली, बाकीच्यांतही आहे हे, पण आत कुठंतरी दडलेलं. मी त्या दुसऱ्या बटणाकडं पाहत राहिले. इथं तोंड उघडावं लागत नव्हतं. आवाज कापणार नव्हता. समोरून कोणी काहून, कशाले, विचारणार नव्हतं. अंगठा टेकवला की झालं.

"हेच," मी म्हटलं.

"याच्यात काय पाह्यलं तू?"

"अक्षरं मोठी आहेत," मी म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

अ‍ॅप सुरू झाल्याबरोबर दादानं पैसे टाकले. मी तिथल्या तिथं परत टाकले. त्यानं पुन्हा टाकले. मी पुन्हा परत. अख्खी दुपार आमचं हे चाललं आणि त्यात मला एक बक्षिसाचं कार्डही लागलं, ते खरडलं तर निघाले तीन रुपये. दादा फोनवर ओरडला, "लोक घेण्यासाठी भांडतेत, आन् तू?" मी हसले. पण हसताना मनात दुसरंच चाललं होतं. हे पैसे ठेवून घेतले असते तर डोळ्याच्या पैशांची सुरुवात झाली असती. तरी ठेवता आले नाहीत, कारण ते त्यानं दिले होते, मी मागितले नव्हते. आणि मागायचं म्हटलं की ते बटण. रोज अ‍ॅप उघडायची, त्याच्याकडं पाहायची, बंद करायची.

मग एका दुपारी शेजारच्या बाईच्या ब्लाऊजची बाही उसवताना कात्री टाक्याऐवजी कापडात गेली. चांगलीच गेली. ती बाई भली, म्हणाली, "जाऊ द्या वं, जुनाच होता." पण तिचा तो लग्नातला ब्लाऊज होता, मला माहीत होतं. ती गेल्यावर मी फोन घेतला. दादाचं नाव काढलं. डॉक्टरनं सांगितला तो आकडा टाकला. खाली निरोप लिहायला जागा होती, ती कोरी ठेवली. आणि डोळे मिटून अंगठा टेकवला.

पाणी प्यायले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. फोन वाजला तेव्हा ओल्या हातानंच उचलून पाहिला. त्यात लिहिलं होतं, विनंती नाकारली.

कानशिलं तापली माझी. आयुष्यात एकदा मागितलं, एकदा! आणि नाही म्हटलं त्यानं. पुढच्या काही मिनिटांत माझ्या मनात काय काय आलं ते इथं सांगण्यासारखं नाही. वहिनीलाही मी त्यात ओढलं, बिचारीचा काही संबंध नसताना. गेलं खड्ड्यात म्हटलं, आंधळी होईन, पण पुन्हा नाव काढणार नाही. रडूही येत होतं आणि रडायचा रागही येत होता.

तेवढ्यात दादाचा फोन. उचलणार नव्हते. पण वाजतच राहिला, म्हणून उचलला.

"बाई, तुया फोन हॅक झाला!" त्याला दम लागला होता. "कोनीतरी तुया नावानं पैसे मागून राह्यलं माह्याजवळ. बम्म मोठी रक्कम टाकली होती हरामखोरानं. पन मी फसलो नाई. आमच्या पेन्शनरच्या ग्रुपवर रोज येते ना, मागनारा दिसला की फ्रॉड समजा. मी नाव पाह्यलं आन् तिथंच वळखलं. म्हटलं, सारी दुनिया मागीन, माही बहीण नाई मागणार. दाबलं 'नाई' म्हणून. ग्रुपवर पन टाकून देलं, हुशार राहा म्हणून!"

किती अभिमान होता त्याच्या आवाजात. माझा राग जसा आला होता तसाच गेला. मी खाली फरशीवर बसले. होव दादा, चोरच असेल, एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. तो खूश, माझा ताठा जागेवर. वाट त्यानंच मोकळी करून दिली होती. समोर तो कापलेला ब्लाऊज पडला होता.

"दादा," मी म्हटलं, "तो चोर मीच हाओ."

"म्हंजे?"

"मीच दाबलं ते बटण."

मग तो अगदी हळू म्हणाला, "बटन दाबून काहून मागतं, बाई? तोंडानं माग ना. मी तीस वर्ष झाले, वाट पाहून राह्यलो."

मी म्हटलं, "दादा, मले पैसे पायजेत. डोयाचं ऑपरेशन करा लागते. तू दे."

फोन खाली ठेवल्यासारखा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग वहिनी बोलायला लागली, घाबरलेली.

"बाई, काय सांगतलं तुमी याईले? हे तर लहान लेकरावानी रडून राह्यले."

"काही नाई वहिनी," मी म्हटलं, "पैसे मागतले."